लो-कार्बचा चौथा दिवस: डोकं दुखतंय, पोटरीत गोळे येतायत, सोडून देऊ का?

इंदूरहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. वय ४४, वजन ८६ किलो, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.२, बीपीची रोज एक गोळी. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून त्यांनी पोळी, भात, पोहे, साखर हे सगळं एका दिवसात बंद केलं. आज चौथा दिवस. डोकं सतत जड, वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना पाय भरून येतात, रात्री पोटरीत गोळे, पोट साफ नाही आणि घरात सगळ्यांवर चिडचिड. वजन मात्र अडीच किलो उतरलंय. त्यांचे प्रश्न तीन: हे असंच असतं का, सोडून देऊ का, आणि बारा दिवसांनी घरी मुंज आहे तेव्हा काय करू?

'असंच असतं, आठवडाभर सोसा' हे उत्तर तुम्हाला पुष्कळांनी दिलं असेल. ते अर्धंच खरं आहे. कार्ब, म्हणजे धान्य-साखरेतली कर्बोदकं, कमी केल्यावर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात थोडी मरगळ येते, हे खरं. पण तुम्ही सांगितलेल्यातलं बहुतेक कार्ब कमी झाल्यामुळे नाही. पोळी-भातासोबत जे जे ताटातून गेलं आणि परत आलं नाही, त्यामुळे आहे. सोडू नका, पण जे चाललंय ते तसंच चालूही ठेवू नका.

आधी गोळीचं बघा, बाकीचं नंतर. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी काही दिसलं, तर ती लघवीवाटे मीठ-पाणी काढून टाकणारी गोळी आहे. पुष्कळदा ती टेल्मिसार्टन या बीपीच्या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. कार्ब कमी केल्यावर शरीर तसंही पहिल्या आठवड्यात मीठ-पाणी बाहेर टाकतं, त्यात ही गोळी तेच काम करते. अंधारी येणारच.

घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं शांत बसून एकदा मोजा. मग उभे राहा आणि एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला, किंवा बसलेले असतानाच वरचा ११० च्या खाली असला, तर आजच डॉक्टरांना फोन करा. 'चक्कर येते' एवढंच सांगू नका. 'चार दिवसांपासून पोळी-भात बंद केलाय, उठताना अंधारी येते, बसून इतकं, उभं राहून इतकं' असं सांगा, म्हणजे त्यांना फोनवरही निर्णय घेता येईल. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. आकडे ठीक निघाले तरी डॉक्टरांना आहार बदलल्याचं कळवून ठेवा. वजन उतरत गेलं की पुढच्या काही आठवड्यांत डोस बदलावा लागणं अगदी नेहमीचं आहे.

तुम्हाला मधुमेहाची गोळी नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी लिहितो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलण्याआधी डोस ठरवून घ्यावा लागतो. नाहीतर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असताना कार्ब फार कमी केले तर साखर जवळजवळ नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं असं काही झालं तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठायचा आणि गोळीचं नाव सांगायचं. टाइप १ मधुमेह, गरोदरपण, अंगावर दूध पाजणं, किडनीचा विकार, पूर्वी स्वादुपिंडाला आलेली सूज यांपैकी काही असेल तर कुणाचंही उत्तर वाचून सुरुवात करू नये, माझंही.

आता मीठ-पाण्याचा मामला. आपल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३०० ते ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कार्ब थांबले की दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा खर्च होतो आणि ते पाणी सुटतं. शिवाय जेवणानंतरचं इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवत नाहीत, लघवीवाटे सोडून देतात. तुमच्या अडीच किलोंतलं बहुतेक वजन हे आहे. चरबी चार दिवसांत अडीच किलो उतरत नाही. त्या आकड्यावर खूश होऊ नका आणि पुढच्या आठवड्यात तो जागचा हलला नाही तर नाराजही होऊ नका.

याच वेळी तुमच्या ताटातलं मीठही गेलं, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पोळी गेली की तिच्याबरोबर खाल्ली जाणारी भाजी निम्मी होते, आमटी भातासोबतच जाते, लोणच्याची फोड पोळीशिवाय कोण खातं? म्हणजे शरीर जास्त मीठ टाकत असताना तुम्ही खाताय नेहमीच्या निम्मं. वर 'डाएट' म्हणून दिवसाला चार लिटर साधं पाणी. साधं पाणी जितकं जास्त ढोसाल तितकं डोकं जास्त दुखेल, कारण उरलंसुरलं सोडियमही पातळ होतं. पाणी अडीच लिटरच्या आसपास ठेवा, तहान बघून. मे महिन्याच्या उन्हात किंवा दिवसभर दुकानात उभं राहायचं काम असेल तर थोडं जास्त.

किती मीठ घ्यावं हे मात्र माणसावर अवलंबून आहे. बीपी, हृदय, किडनी यांचा काहीच त्रास नसलेल्याला मी पहिले सात-आठ दिवस नेहमीच्या स्वयंपाकाव्यतिरिक्त दिवसाला अर्धा छोटा चमचा मीठ सांगतो: पाव चमचा अकराच्या ताकात, पाव चमचा संध्याकाळी टोमॅटोच्या किंवा कोकमाच्या सारात. पाव चमच्यात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम जातं आणि डोकेदुखीला पुष्कळदा तासाभरात उतार पडतो. उन्हाळ्यात गूळ-साखर न घालता केलेलं कैरीचं पन्हंही चालतं. तुमच्या बाबतीत, गोळीचा निर्णय होईपर्यंत हे जास्तीचं मीठ घेऊ नका. पूर्वी जेवढं पोटात जात होतं तेवढंच परत आणा: दोन वाट्या नीट मीठ घातलेली भाजी, वाटीभर वरण, एक ताक. एवढ्याने फरक पडतो का ते दोन दिवस बघा.

'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ मात्र घेऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. दोन्ही मिळून ते धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं. नारळपाण्याचंही तेच, शिवाय एका नारळात दहा-बारा ग्रॅम साखर सहज असते. सैंधव हेही मीठच, सोडियमच्या हिशोबाने त्यात आणि साध्या मिठात फार अंतर नाही, आणि बहुधा त्यात आयोडीन नसतं.

दुसरी गोष्ट भुकेची. तुम्ही दिवसाचं खाणं लिहिलंय: सकाळी बिनसाखरेची काळी कॉफी, दुपारी काकडी-टोमॅटो आणि एक वाटी डाळ, संध्याकाळी 'बेसनाची आहे म्हणून' मूठभर शेव, रात्री सूप आणि पनीरचे चार तुकडे. याची बेरीज साडेपाचशे ते साडेसहाशे कॅलरींच्या आसपास जाते, प्रथिनं पंचवीस ग्रॅमच्या मागेपुढे. ८६ किलोच्या माणसासाठी हा लो-कार्ब आहार नाही, उपास आहे. चिडचिड, हातपाय गळणं, रात्री तीनला जाग येणं हे सगळं त्यातून येतं. पोळी-भाताने तुम्हाला दिवसाला हजारभर कॅलरी मिळत होत्या, त्या काढल्या आणि जागा रिकामी ठेवली. इथे तुपा-तेलाची भीती आड येते. आयुष्यभर 'तेल कमी करा' ऐकलेला माणूस कार्ब काढतो आणि सवयीने तेलही काढतो. मग अंगाला जळायला काहीच उरत नाही.

तुमच्यासाठी मी दिवसाला २० ग्रॅम कार्बचा कडक कीटो सांगणार नाही. तो काही विशिष्ट आजारांत देखरेखीखाली करण्यासारखा आहे. बीपीची गोळी, अंड्यांपलीकडे शाकाहारी स्वयंपाक आणि सहा माणसांचं एकत्र घर असताना तो महिनाभरही टिकत नाही. ९० ते १०० ग्रॅमवर या. आपल्या नेहमीच्या खाण्यात २५० ते ३५० ग्रॅम सहज असतात, त्यामुळे हीसुद्धा मोठीच कपात आहे. एचबीए१सी ६.२ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पातळी (५.७ ते ६.४), तिथून मागे यायला एवढं बहुधा पुरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांतून ४५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा नको असं म्हटलंय, म्हणजे थोडं कमी करण्याची गरज सगळ्यांनाच आहे. दुपारची एक पोळी परत आणणं म्हणजे हार मानणं नव्हे.

उद्याचा दिवस असा काढा. सकाळी चहा, १०० मिली दूध, साखर नाही. नवाच्या सुमाराला तीन अंड्यांचं ऑम्लेट दोन चमचे तेलात, किंवा अंडी नको असतील त्या दिवशी ३० ग्रॅम बेसन आणि ५० ग्रॅम किसलेलं पनीर घालून दोन धिरडी. अकराला एक पेला ताक. दुपारी तीस ग्रॅम कणकेची एक पोळी, तूप लावून. दोन वाट्या पालेभाजी, गिलकी किंवा दुधी. एक वाटी घट्ट वरण. दाण्याचं कूट घातलेली दह्यातली कोशिंबीर. पाचला चहा आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले दाणे. रात्री १०० ग्रॅम पनीरची भुर्जी, दोन वाट्या फ्लॉवर, भेंडी किंवा पत्ताकोबी, आणि सार. यात कार्ब ९० ते १०५ ग्रॅम, प्रथिनं सत्तरच्या आसपास आणि कॅलरी पंधराशे-सोळाशे बसतात. भूक लागलीच तर पोळी वाढवायची नाही. दही, पनीर किंवा एक अंडं वाढवायचं. घरात दुसरा स्वयंपाक करावा लागत नाही. भाजी सगळ्यांचीच, फक्त तुमच्या ताटात दुप्पट आणि नेहमीपेक्षा एक चमचा तेल वर.

सत्तर ग्रॅम प्रथिनं शाकाहारात आपोआप होत नाहीत, मोजावी लागतात. वाटीभर वरणात (३० ग्रॅम कोरडी डाळ) सहा-सात ग्रॅम प्रथिनं आणि १७-१८ ग्रॅम कार्ब. 'डाळ म्हणजे प्रोटीन' म्हणून तीन वाट्या खाल्ल्या की दिवसाचे निम्मे कार्ब तिथेच संपले. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा, १०० ग्रॅम दह्यात तीन-साडेतीन, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंधरा. वड्या आठवड्यातून दोनदा घेतल्या तर पनीरचा कंटाळाही येत नाही. प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलेलं असावं. गेल्या सहा महिन्यांतला रिपोर्ट असेल तर तो पुरे.

पनीरबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तुमचा अर्धा आहार त्यावर उभा आहे. बाजारात स्वस्त विकलं जाणारं बरंचसं 'पनीर' वनस्पती तेलाचं किंवा स्टार्च घातलेलं असतं. स्टार्च घातलेलं असेल तर तुम्ही कार्बच खाताय. घरी तपासायचं असेल तर छोटा तुकडा पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. तपासलेला तुकडा फेकून द्या. तेलाची भेसळ यात कळत नाही, हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा घरीच करा: एक लिटर फुल क्रीम दूध उकळून गॅस बंद करायचा, दोन मिनिटं थांबून दोन चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालायचा, हिरवट पाणी सुटलं की थांबायचं. दूध खळखळत असताना रस ओतला किंवा जास्त ओतला तर पनीर रबरासारखं चिवट होतं. साधारण १८० ते २०० ग्रॅम निघतं, म्हणजे तुमचे दोन दिवस. निवळीत कणीक मळा, घरच्यांच्या पोळ्या मऊ होतील.

कार्ब कुठून चोरपावलांनी येतात ते आता इंदूरच्या हिशोबाने. शेव बेसनाची असली तरी १०० ग्रॅममध्ये चाळीसच्या वर कार्ब आणि साडेपाचशे कॅलरी. मूठभर म्हणत म्हणत किती जाते ते एकदा वाटीत मोजून बघा. चव सोडवत नसेल तर ऑम्लेटवर किंवा काकडीवर जिरावन हा इंदुरी मसाला भुरभुरवा, त्याने काही बिघडत नाही. पोह्यांच्या प्लेटमध्ये ५०-६० ग्रॅम कोरडे पोहे, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम कार्ब, आणि सोबत जिलबी घेतलीत की दिवसाचा कोटा न्याहारीलाच पूर्ण. दोन चमचे साखरेच्या चार चहांत पन्नास-पंचावन्न ग्रॅम. इथली शिकंजी म्हणजे आटवलेलं गोड दूध, तिला लिंबूपाणी समजून घेऊ नका. ज्वारी-बाजरीची भाकरी पोळीपेक्षा जास्त पोषक असेल, पण कार्ब जवळजवळ तेवढेच. मल्टीग्रेन आट्याचंही तसंच. एका मोठ्या बाफल्यात (उकडून भाजलेला कणकेचा गोळा) दोन-अडीच पोळ्यांची कणीक असते, वर डाळ. हिवाळ्यात हिरवे मटार येतात, त्यांना भाजी न धरता धान्यात धरा. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री या आहारात बसणारं जवळजवळ काही मिळत नाही: गराडू म्हणजे कंद, भुट्ट्याचा कीस म्हणजे मका, खोपरा पॅटिसला बटाट्याचं आवरण. सोबत जायचंच असेल तर घरून पोटभर जेवून जा.

चतुर्थी-एकादशी करत असाल तर तो दिवस सगळ्यात घातक. खिचडीच्या एका प्लेटमध्ये ६० ग्रॅम साबुदाणा म्हणजे पन्नासच्या वर कार्ब, आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. कार्बच्या हिशोबाने वरी, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, रताळं ही सगळी त्याच माळेतली. त्या दिवशी दही, दाणे, घरचं पनीर, खमंग काकडी आणि सैंधव घातलेलं ताक एवढ्यावर दिवस व्यवस्थित जातो. आईंना हे पटवणं सोपं आहे, यातलं काहीच उपासाला वर्ज्य नाही.

पोट साफ न होण्याचं कारण साधं आहे. तुमच्या आहारातला बहुतेक चोथा कणकेतल्या कोंड्यातून येत होता. दिवसाला ४०० ग्रॅम भाजी पोटात गेली पाहिजे, आणि ही कच्च्या भाजीची मोजणी आहे. पालकाची अख्खी जुडी शिजून वाटीभर होते. त्याने भागलं नाही तर रात्री एक छोटा चमचा इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यातून, लगेच पिऊन टाकायचं आणि वर आणखी अर्धा पेला पाणी. कमी पाण्यात घेतलं तर ते आतच फुगून उलट जास्त अडतं. बीपीच्या गोळीत आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा. इसबगोलसाठी लांब जायला नको, नीमचची मंडी आपल्या माळव्यातलीच आहे. किंवा भाजलेल्या जवसाची पूड एक मोठा चमचा दह्यात. उलट कुणाला जुलाब होत असतील तर एकदम जास्त तूप किंवा खोबरेल तेल सुरू केलेलं असतं. ते निम्मं करावं.

पोटरीतले गोळे मीठ-पाणी सुधारलं की बहुधा जातात. नाही गेले तर ताटात भोपळ्याच्या बिया, तीळ, बदाम वाढवा. मॅग्नेशियमच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, आणि आठवड्याने गोळे कायमच असतील तर सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या. मीठ-पाणी काढणारी गोळी चालू असेल तर आत्ताच करा. छातीत धडधड, बेशुद्धी, सतत उलट्या, बोलण्यात गोंधळ यांतलं काही झालं तर 'डाएटमुळे असेल' म्हणून घरी थांबायचं नाही.

यातून बाहेर कधी पडाल? जेवण भरपेट आणि मीठ योग्य असेल तर डोकेदुखी एक-दोन दिवसांत, चिडचिड आणि झोप आठवडाभरात सुधारते. जिन्यावर पाय भरून येणं मात्र दोन ते चार आठवडे रेंगाळतं, स्नायूंना चरबीवर चालायची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. तोवर वीस-तीस मिनिटं चाला, जिम आणि पळणं पुढे ढकला. लघवीतले कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) दाखवणाऱ्या पट्ट्या आणू नका. ९०-१०० ग्रॅमवर त्या बहुधा काही दाखवणार नाहीत आणि तुम्ही उगाच पोळी आणखी कमी करायला जाल. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर. त्यापेक्षा कमरेचं माप बेंबीच्या पातळीवर टेपने घ्या, ते पाण्याने फसत नाही. एचबीए१सी तीन महिन्यांनी. त्याआधी करून उपयोग नाही, कारण तो मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. तेव्हाच लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणीही करा. तूप-पनीर वाढल्यावर काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढतं आणि काहींचं मुळीच चढत नाही, हे आधी सांगता येत नाही. चढलं तर तूप कमी करून शेंगदाणा तेल, दाणे, जवस यांवर भर द्यायचा. पूर्वी कधी युरिक अॅसिडने पायाचा अंगठा सुजला असेल तर तेही तपासा, सुरुवातीच्या आठवड्यांत ते वाढतं.

राहिली मुंज. आदल्या दिवशी उपाशी राहून 'जागा करून' ठेवू नका, तसं केलं की पंगतीत ताबा राहत नाही. सकाळी घरून अंडी किंवा पनीर खाऊन निघा. पानात काय खायचं ते आधीच ठरवा: श्रीखंड आवडत असेल तर श्रीखंडाची एक वाटी आणि दोन पुऱ्या, मग मसालेभात आणि जिलबी नाही. सगळ्यातलं थोडं थोडं हा मार्ग सुरक्षित वाटतो, पण बेरीज त्याचीच सर्वांत जास्त होते. कोशिंबीर, भाजी, मठ्ठा हवा तेवढा. आग्रह करणारे करतीलच. पानात एखादा पदार्थ अर्धा शिल्लक दिसला की पुन्हा वाढत नाहीत. दुसऱ्या दिवशी काट्यावर एक-दीड किलो जास्त दिसेल, कारण ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी परत भरलेलं असेल. नेहमीच्या जेवणावर आलात की तीन-चार दिवसांत ते उतरतं. तेव्हा पुन्हा थोडं डोकं जड वाटू शकतं. म्हणून मुंजीनंतरचे दोन दिवस अकराचं ताक आणि रात्रीचं सार चुकवू नका.